केतकीची दुसरी सायकल

सायकल पुन्हा तिचीच होती.

उत्तर फ्रान्समधल्या आरास गावच्या स्टेशनबाहेर केतकीने दोन सायकली भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या. एक निळी, नवी, बारीक टायरची. दुसरी तिची जुनी, हिरवी, सीटला चिकटपट्टी लावलेली. "हिरवी तुझी. सीट खाली करून ठेवलीय," ती म्हणाली. मी थँक्यू म्हटलं. लहानपणापासून मी तिला तेच म्हणत आले आहे.

आमच्या ओळखीतलं जे कुणी फ्रान्सला जाऊन येतं ते पॅरिसचे फोटो दाखवतं. मी पॅरिसचा फक्त विमानतळ पाहिला. मी गेले ते उत्तरेकडच्या खेड्यांमध्ये, तीन दिवस, सायकलवर, केतकीच्या मागे. आरासपासून बर्क नावाच्या गावापर्यंत, जिथे रस्ता संपून समुद्र लागतो. कुवेतमधून तिकडे जावं असं माझ्याही डोक्यात आलं नसतं. पण केतकी तिथल्या लील शहरात शिकायला गेली होती आणि तिने बोलावलं. मी ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांची तिकिटं काढते. एक तिकीट स्वतःच्या नावाने काढावं असं फार दिवस मनात होतं.

आम्ही दोघी कुवेतमध्येच वाढलो, एकाच शाळेत, एकाच बाकावर. केतकीचे बाबा पुण्याचे, तेल कंपनीत मोठे इंजिनियर. त्यांना अहमदीत कंपनीचा बंगला होता. पुढे हिरवळ, मागे बोराचं झाड. माझे बाबा कुडाळकडचे, शुऐबाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन झाले. आम्ही अब्बासियात तिसऱ्या मजल्यावर राहतो. अब्बासियात मुलीने सायकल चालवायची म्हणजे इमारतीखाली उभ्या गाड्यांच्या मधून, आणि तीही आठ वर्षांची होईपर्यंत. म्हणून मी दर शुक्रवारी अहमदीला जायचे. तिथे झाडांच्या सावलीतले रिकामे रस्ते होते. केतकी तीन फेऱ्या मारायची, मग एक मला द्यायची. नंतर आम्ही झाडाखाली बसायचो आणि काकू तिखटमीठ लावून बोरं द्यायच्या. तिथले लोक त्यांना कनार म्हणतात. वाटणी केतकी करायची, झाड तिचं म्हणून. इराकच्या युद्धात तिची सायकल गेली आणि परत आल्यावर तिला दुसरी मिळाली. माझी गेली नाही, कारण ती नव्हतीच.

दहावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे तिला आठवत नाही. मला आठवतं.

शुक्रवार

आरास सोडल्यावर अर्ध्या तासात मला कळलं की मी आयुष्यात कधी चढ चढलेच नाही. कुवेतमध्ये चढ असतो तो फ्लायओव्हरला. इथे डोंगर नाहीत, पण सपाट असं काहीच नाही. कुणी मोठं पांघरूण झटकून तसंच टाकून द्यावं तशी जमीन. रस्ता खाली उतरतो, तळाशी चारदोन घरं आणि चर्चचा मनोरा, की लगेच वर. वर पोचलं की दिसतं पुन्हा तेच, फक्त रंगांचे तुकडे बदललेले. गव्हाचा हिरवा, नांगरलेल्या मातीचा तपकिरी आणि मध्येच डोळ्यांवर येणारा पिवळा. मला ती मोहरी वाटली. केतकीने सांगितलं, मोहरीच्याच जातीतलं आहे, तेल काढतात. ढगांच्या सावल्या शेतांवरून आमच्यापेक्षा जोरात जात होत्या.

हिरव्या सायकलला गिअर होते. चढावर मी नेमका उलटा गिअर टाकायचे, पाय जागच्या जागी अडकायचे आणि मी उतरून ढकलत चालायचे. केतकी वर जाऊन थांबायची. ओरडायची नाही, घाई करायची नाही. नुसती थांबायची, एक पाय जमिनीवर टेकवून, आजूबाजूला बघत. तिला ते थांबणंही शोभत होतं. ती शॉर्ट्समध्ये होती. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅक पँट घातली होती, आणि दुपारी पँटचा पाय साखळीत गेला. मी आडवी पडले, रस्त्यालगतच्या गवतात. लागलं नाही. केतकीने कापड हळूहळू सोडवलं, स्वतःच्या केसांचं रबर काढलं आणि माझ्या घोट्याला बांधलं. मोकळ्या केसांनी ती पुढे गेली. ते केस मी उरलेला दिवस बघत होते.

रात्री एका शेतकरी जोडप्याच्या घरी खोली घेतली होती. बाईंनी जेवायला कोबीच्या लांबट कोंबांसारखी एक भाजी केली, चीज घालून भाजलेली. कारल्याची आठवण यावी इतकी कडू, पण वाईट नाही. डुकराचं मांस त्यांनी आमच्या ताटातून वगळलं होतं, केतकीने आधीच सांगितलं होतं म्हणून. त्या मला काही विचारायच्या आणि उत्तर केतकी द्यायची. माझं नाव, माझं काम, मला भाजी आवडली की नाही, सगळं तिनेच सांगितलं. मी मान हलवत होते. तिचं फ्रेंच ऐकायला सुंदर होतं. मला वाटलं, दोन वर्षांत मीही शिकले असते.

झोपताना ती म्हणाली, "रविवारी एतिएन बर्कला येणार आहे, गाडी घेऊन. वर्गातला आहे माझ्या. तुला नाही झेपलं ना, तर वाटेत कुठूनही उचलेल तो. टेन्शन घेऊ नकोस."

तिने ते माझ्या काळजीने केलं होतं. लागलं ते त्याचंच. मी भिंतीकडे तोंड करून ठरवलं की त्या गाडीत मी बसणार नाही. सायकल तिची, नकाशा तिचा, भाषा तिची. समुद्रापर्यंतचं अंतर तरी मी माझ्या पायांनी कापणार. हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की उद्यापासून खाण्याचं सगळं माझ्यावर सोपव, काहीतरी मला करू दे.

"चालेल," ती म्हणाली आणि लगेच झोपली. तिला झोपही लगेच लागते.

शनिवार

हा दिवस सोपा होता. काँश नावाची लहानशी नदी समुद्राकडे जाते आणि तिच्या कडेने रस्ता जातो. नदी कसली, आपल्याकडचा ओहोळ, पण वर्षभर वाहणारा. काठाला गवतात पांढऱ्या गायी बसलेल्या. खेड्यात शिरलं की भेटेल तो माणूस 'बाँजूर' म्हणतो, म्हातारे तर टोपीला हात लावतात. मी पहिल्या दिवशी खाली बघत होते. रस्त्यावरचा अनोळखी पुरुष काही बोलला की मान खाली घालायची, हे आमच्याकडे मुली न शिकवता शिकतात. शनिवारी दुपारपर्यंत मी पुटपुटायला लागले.

पाणी कुठे भरायचं हा प्रश्न होता. कुवेतमध्ये लोक पुण्य म्हणून घराबाहेर थंड पाण्याचे कूलर लावून ठेवतात, वाटसरूने नळ सोडावा आणि प्यावं. इथे केतकी मला दफनभूमीत घेऊन गेली. प्रत्येक गावात दफनभूमी असते आणि तिच्यात फुलांना घालायला नळ. सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. मी बाटली भरली आणि बराच वेळ प्यायले नाही. मग तहान लागली तेव्हा प्यायले. पाणी गोड होतं. आईला हे सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो केतकीचा नाही. एका गावात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी सायकलवरून समोरून आली. मागे कॅरिअरला लांब पाव अडकवलेला, तोंडाने काहीतरी गुणगुणत. तिच्यामागे कुणी येत नव्हतं. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सायकलवर आपली फेरी येण्याची वाट पाहून ती आलेली नव्हती. मी थांबून ती वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. केतकीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पाय दुखतोय.

संध्याकाळी एदँ गावात पोचलो. तिथे मोठं दुकान होतं. मी रात्रीपुरतं चीज आणि टोमॅटो घेतले. केतकी दारातून म्हणाली, "उद्याचं घेतलंस ना?"

"उद्या वाटेत ताजं घेऊ," मी म्हटलं.

तिने खांदे उडवले. खाण्याचं खातं माझं होतं.

रविवार

इथे मला माझी चूक सांगायला हवी. उद्या रविवार आहे आणि रविवारी इथे सुट्टी असते, हे मला माहीत होतं. पण मला माहीत असलेली सुट्टी म्हणजे अब्बासियाचा शुक्रवार. सुट्टीचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. शुक्रवारी नमाज आटोपली की शुऐबाहून, कामगारांच्या कॅम्पांमधून कंपन्यांच्या बस भरून माणसं येतात. मासळी, भाजी, फोन कार्ड, सगळ्याला रांगा लागतात. आमच्या खालच्या बकालावाल्याची, म्हणजे किराणावाल्याची, आठवड्यातली सगळ्यात मोठी विक्री शुक्रवारची. ज्या दिवशी लोकांना वेळ असतो त्याच दिवशी दुकान बंद ठेवील असा माणूस मी पाहिला नव्हता.

सकाळी केतकीने नुसती कॉफी घेतली. नदीचा रस्ता सोडून वरून जाऊ, तिथून फार छान दिसतं, असं ती म्हणाली. छान दिसत होतं. वाराही समोरून होता. पहिलं गाव लागलं, दुकानच नव्हतं. दुसऱ्यात खाटकाचं होतं, बंद. तिसऱ्यात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. चौकात पावाचं दुकान होतं, पडदा ओढलेलं. मला जरा हायसं वाटलं.

"दुपारचं बंद केलंय," मी म्हटलं. "थांबू या. साडेचारला उघडतील."

समोरच्या बाकावर मी बसलेसुद्धा. आमच्याकडे सगळी दुकानं दुपारी बंद होतात आणि साडेचारला उघडतात. दारावर वेळा लिहिलेल्या होत्या. त्या मी वाचल्याही नाहीत. केतकी दारापर्यंत गेली, वाचून परत आली. रविवारी साडेबारापर्यंत, सोमवारी बंद. एवढं सांगून तिने हँडलवर डोकं टेकवलं.

"स्मिते, हे अब्बासिया नाहीये," ती म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती थरथरत होती. हात, मग खांदे. ओठ पांढरे पडलेले. निळ्या सायकलवर दोन दिवस माझ्या पुढे जाणारी केतकी रस्त्याच्या कडेला बसली आणि उठेना. खरं सांगते, पहिल्यांदा मला जे वाटलं ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, चला, एकदाचं हिलाही काही झेपलं नाही. मग तिने डोळे मिटले आणि मी घाबरले. माझ्याच आळसाने ती उपाशी होती.

गावात एक माणूस दिसत नव्हता. मी माझ्या घराखालच्या दुकानात मीठ मागायचं तर चार वेळा मनात वाक्य जुळवते. इथे जुळवायला वाक्यच नव्हतं. एका घराच्या धुराड्यातून धूर येत होता. मी रिकामी बाटली घेतली आणि दार वाजवलं.

दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईने, एप्रनवर, पायात लाकडी तळाच्या सपाता. मी बाँजूर म्हटलं आणि बाटली पुढे केली. तिने ती नेली, भरून आणून दिली. मी घेतली. आणि तिथेच उभी राहिले. ती वाट बघत होती. माझे कान तापले होते. शेवटी मी बाजूला सरून रस्त्याकडे बोट दाखवलं, जिथे केतकी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मग उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली, आपल्याकडे स्टेशनवर भीक मागणारी मुलं करतात तशी.

बाईने चप्पलही बदलली नाही. ती माझ्याआधी केतकीपाशी पोचली.

तिच्या स्वयंपाकघरात आम्हाला उकडलेली अंडी मिळाली, सालासकट उकडलेले थंड बटाटे, खारं लोणी आणि कालचा पाव, जो तिने आगीशी धरून गरम केला. वर आंबटगोड मुरंबा, कुठल्याशा लाल देठांचा. बाई जे बोलत होती ते केतकी आज सांगत नव्हती. तिच्या तोंडात बटाटा होता. म्हणून बाई माझ्याशीच बोलत राहिली आणि मी मान हलवत राहिले. कसं कोण जाणे, आमचं बरंच बोलणं झालं. तिच्या नवऱ्याचा फोटो, तिच्या कोंबड्या, तिचे गुडघे. निघताना तिने माझ्या गालाला गाल लावला, आधी माझ्या, मग केतकीच्या. एवढ्याशा गोष्टीचा मी हिशेब ठेवला, हे मला लिहितानाही बरं वाटत नाही.

बाहेर आल्यावर केतकीने मोबाइलवरून एतिएनला बोलावलं. पाय अजून लटपटतायत, म्हणाली. "दोन्ही सायकली मावतील त्याच्या गाडीत."

"मी नाही येत," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? वीसेक किलोमीटर आहे अजून. तुला रस्ता माहीत नाही. काही झालं तर कुणाशी बोलणार तू?"

"नकाशा दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी तिला नाही म्हटल्याचं दोघींनाही आठवत नव्हतं. मग तिने नकाशा दिला, आणि थोड्या वेळाने केसांचं दुसरं रबरही, दुसऱ्या पायासाठी.

त्या रस्त्याचं वर्णन करावं असं पुष्कळ आहे आणि मला नीट आठवतं ते थोडंच. उतारावर मी पहिल्यांदा ब्रेक सोडले. चढावर गिअर बरोबर पडला. पुढे कुणाची पाठ नव्हती, त्यामुळे पिवळी शेतं सरळ माझ्याकडे येत होती. मोंत्रॉय गावाची तटबंदी उजवीकडे राहिली. एका फाट्यावर मी चुकले, एका म्हाताऱ्याला नकाशा दाखवला, त्याने टोपी काढून हातवारे केले आणि मी परत फिरले. वारा समोरून होता, पण वाऱ्याचं मला नवल नव्हतं. कुवेतचा वारा डोळ्यांत वाळू घालतो. मी मान खाली घातली आणि पेडल मारत राहिले. शेवटच्या टप्प्यात जमीन सपाट झाली, हवेला खारा वास आला आणि रस्त्याच्या कडेने वाळू दिसायला लागली, आमच्यासारखीच, फिकट, डांबरावर सरकणारी. इतक्या लांब येऊन शेवटी वाळूच. चाक रुतायला लागलं तेव्हा मी भांडले नाही. वाळूशी भांडायचं नसतं, हे मला येतं. उतरले आणि सायकल उचलून टेकाडापलीकडे गेले.

समुद्र होता. आणि केतकी होती. कोरड्या कपड्यांत, एतिएनचं जाकीट पांघरून, हातात तळलेल्या बटाट्यांचा कागदी पुडा. तिथेही तीच आधी पोचली होती.

पुड्यातले अर्धे तिने माझ्यासाठी ठेवले होते. एतिएन लांब फिरायला गेला. मी वाळूत बसून खाल्ले. ती शेजारी येऊन बसली. हातात वाळू घेऊन सोडत होती. मला वाटलं, आता म्हणेल शाब्बास. ते ती म्हणाली नाही.

"तू परवा घरी जाशील," ती म्हणाली.

काकांची, म्हणजे तिच्या बाबांची, नोकरी संपून वर्ष होत आलं होतं. बंगला कंपनीला परत दिला, सामान पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेलं. हे मला माहीत होतं. मी त्याचा विचार केला नव्हता. कुवेतमध्ये इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की माणसाने निघायचं असतं, मग तो फिटर असो की साहेब. तिथेच वाढलेल्या मुलांनाही दुसरा नियम नाही.

"मला आता व्हिसा कोण देणार? कुणाकडे जाणार मी?" ती म्हणाली. "पुण्यात माझी खोली आहे, आई म्हणते. मी तिथे एकूण एकवीस दिवस राहिलेय." मग समुद्राकडे बघत, "तू अहमदीला जाशील एकदा? झाड आहे का बघ. फोटो काढ. बोरं लागलीयत का बघ."

तिने तोंड वळवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मी ते रोज आरशात बघते, केस विंचरताना.

अहमदी

आल्यावर दुसऱ्या शुक्रवारी मी बस पकडून एकटीच गेले. आईला सांगितलं, लायब्ररीत जाते. बंगला तसाच आहे, दाराचा रंग बदललाय. पूर्वीची मी असते तर कुंपणाबाहेरून फोटो काढून परत आले असते. पण मी फ्रान्सच्या खेड्यात खाणाखुणा करून पाव मागितला आहे. मी बेल वाजवली.

आता तिथे केरळचं कुटुंब राहतं. बाईंना मी हिंदीत सांगितलं की माझी मैत्रीण इथे राहायची. त्या हसल्या आणि मला सरळ मागे घेऊन गेल्या. झाड आहे. हंगाम संपत आला होता, पण वरच्या फांद्यांना शेवटची बोरं होती, सुरकुतलेली, तांबूस. त्यांच्याकडे ती कुणी खात नाही, म्हणाल्या. त्यांनी काठीने फांदी हलवली आणि मी प्लास्टिकची पिशवी भरेपर्यंत वेचली. झाडाखाली एक छोटी गुलाबी सायकल पडली होती. तिचा मात्र मी फोटो काढला नाही.

पिशवी मी केतकीसाठी ठेवणार होते. एजन्सीतून लोक येत-जात असतात, कुणाबरोबर तरी लीलपर्यंत पोचली असती. बसमध्ये एक खाऊन पाहिलं, तीच चव आहे का म्हणून. तीच होती. मग आणखी एक. वाटणी करायला कुणी नव्हतं. अब्बासियाला उतरले तेव्हा पिशवीत बिया होत्या.

संध्याकाळी मी तिला मेल लिहिली. झाड आहे, फोटो धुवायला टाकलेत, बोरंही होती. पुढची ओळ मी दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली: ती मी सगळी खाल्ली.

तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यात ना नमस्कार होता, ना नाव. एकच शब्द होता.

"सगळी?"

मी 'हो' लिहिलं आणि पाठवून दिलं.